वजनकाटा काढला, पुढे काय?

मागच्या ऑनसाईटच्या वेळची गोष्ट. जानेवारी महिना, टोकियो, संध्याकाळचे सात वाजलेले. मी आत थर्मल, त्यावर शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट आणि मफलर अशा अवतारात (कांदाच म्हणा ना!) सोबु लाईनच्या गाडीत उभा. ऱ्योगोकु स्टेशनला एक पोरगा चढला. अंगात पातळ सुती युकाता, पायात लाकडी खडावा, मोजे नाहीत. हातात सुपरमार्केटची पिशवी आणि तिच्यातून कांद्याची पात बाहेर डोकावतेय. अंगाने चांगला दांडगा, पण चेहऱ्याकडे बघितलं तर फार तर सोळा वर्षांचा. डोक्यावरचे केस धड बांधता येतील एवढेही वाढले नव्हते. एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने तो मोबाईलवर गेम खेळत होता.

डब्यात कुणी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. मी मात्र बघतच राहिलो. (सवय आपली, दुसरं काय!)

दुसऱ्या दिवशी जेवताना ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याला विचारलं, "या पोरांना थंडी वाजत नाही का हो?" तो हसला. म्हणाला, "वाजत असणार की. पण कोट घालायची परवानगी नाही ना त्यांना. सुमोत कोट कमवावा लागतो."

हे वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच. तो शनिवार-रविवार मी सुमोच्या भरतीबद्दल जे मिळेल ते वाचण्यात घालवला, आणि परत आल्यावरही ते वेड सुटलं नाही. म्हणून आज हा लेख. कंटाळा आला तर माफ करा, पण शेवटपर्यंत वाचा. मला खरंच काहीतरी सांगायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. व्यावसायिक सुमोत नव्याने येणाऱ्या मुलाला म्हणतात शिन्देशी, म्हणजे नवा शिष्य. त्याने अनिवार्य शिक्षण पूर्ण केलेलं हवं, म्हणजे साधारण पंधरा वर्षांचा हवा, आणि सर्वसाधारणपणे तेवीसच्या आत हवा. हौशी सुमोत नाव कमावलेलं असेल तर पंचवीसच्या आत. त्याला एका 'हेया'त दाखल व्हावं लागतं. हेया म्हणजे आपल्या तालमीसारखं प्रकरण. तिथेच राहायचं, तिथेच खायचं, तिथेच मेहनत करायची. तालमीचा वस्ताद म्हणजे ओयाकाता. असे हेया चाळीसहून जास्त आहेत. वर्षातून सहा मोठ्या स्पर्धा होतात आणि प्रत्येक स्पर्धेआधी नव्या मुलांची तपासणी होते. सगळ्यात जास्त गर्दी मार्चमधल्या ओसाकाच्या स्पर्धेला, कारण जपानमध्ये शालेय वर्ष मार्चमध्ये संपतं. म्हणून त्या स्पर्धेला 'नोकरीची स्पर्धा' असंच टोपणनाव आहे. आपल्याकडचा कॅम्पस सीझनच तो.

भरती झाली की आधी क्रमवारीच्या बाहेरच्या लढती, त्यांना माएझुमो म्हणतात. मग पुढच्या स्पर्धेत क्रमवारीच्या यादीत अगदी तळाला नाव छापून येतं. एकूण सहा गट. वरच्या दोन गटांत मिळून फक्त 70 मल्ल असतात. त्यांना 'सेकितोरी' म्हणतात आणि पगार फक्त त्यांनाच. 2019 मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे त्यातल्या खालच्या गटाला महिन्याला 11 लाख येन. आणि त्याच दरांप्रमाणे सगळ्यात तळाच्या मुलाला किती, तर एका स्पर्धेचा भत्ता 77 हजार येन. म्हणजे दोन महिन्यांतून एकदा! राहणं-जेवण फुकट, हे खरं. पण सेकितोरी होईपर्यंत पगार नाही, स्वतःची खोली नाही, वरिष्ठांची धुणी-भांडी आणि हमाली करायची. पहाटे रिकाम्या पोटी मेहनत, आणि अकराच्या सुमारास जेवणाची पंगत बसली की आधी वरचे जेवणार, शेवटी हा. खालच्या दोन गटांतल्या मुलांना भर हिवाळ्यातही युकाता आणि खडावाच. कोट आणि मफलर मिळतो तो वरून तिसऱ्या गटात पोचल्यावर. माझ्या गाडीतला पोरगा तिथून बराच लांब होता, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आता मुद्द्यावर येतो.

2023 च्या सप्टेंबरमध्ये जपानच्या सुमो महासंघाने ठरवलं, आणि 2024 च्या जानेवारीच्या स्पर्धेपासून लागूही केलं, की भरतीसाठी उंची-वजनाची सक्ती नाही. तोवर किमान 167 सेंटिमीटर आणि 67 किलो लागायचे. मार्चमध्ये थेट शाळेतून येणाऱ्या मुलांना थोडी सूट, 165 आणि 65. आता या मापात न बसणाऱ्याची शारीरिक क्षमतेची चाचणी घेतात. ती पास झाला की झालं.

खरं सांगतो, माझी पहिली प्रतिक्रिया टिपिकल इंजिनिअरची होती. म्हटलं, झालं! माणसं मिळेनात म्हणून कटऑफ खाली आणला. आमच्या क्षेत्रात हे बघून बघून डोळे पिकलेत. पण थोडं खोलात गेल्यावर लक्षात आलं की तो कटऑफ तसाही कधी काही मोजत नव्हता.

दोन उदाहरणं देतो.

पहिलं माईनोउमी नावाच्या मल्लाचं. 1990 मध्ये हा गडी विद्यापीठातून सुमोत यायला निघाला तेव्हा किमान उंचीची अट 173 सेंटिमीटर होती, आणि याची उंची थोडक्यात कमी पडत होती. पठ्ठ्याने काय करावं? डॉक्टरकडे जाऊन टाळूच्या कातडीखाली सिलिकॉन भरून घेतलं! डोक्यावर टेंगूळ घेऊन मोजपट्टीखाली उभा राहिला आणि पास झाला. पुढे महासंघाने या प्रकारावर बंदी घातली, ते सोडा. हाच माईनोउमी पहिल्या गटात कोमुसुबी या पदापर्यंत पोचला, आपल्याहून कितीतरी जड मल्लांना लोळवून गेला, आणि त्याला लोक 'डावपेचांचं डिपार्टमेंट स्टोअर' म्हणायला लागले. नियमाप्रमाणे हा माणूस सुमोत असायलाच नको होता.

दुसरं उदाहरण हाकुहोचं. 2000 च्या ऑक्टोबरमध्ये मंगोलियातून सात मुलं नशीब काढायला ओसाकाला आली. त्यातला एक पंधरा वर्षांचा, वजन 62 किलो. वडील मंगोलियन कुस्तीतले मोठे नाव, 1968 च्या ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवलेले. पण काट्यावर वडील थोडेच उभे राहतात? त्याला कुठलाच हेया घेईना. परतीचं विमान पकडायची वेळ आली, तेव्हा कुठे एका मंगोलियन मल्लाने रदबदली केली आणि मियागिनो हेयाच्या वस्तादाने त्याला ठेवून घेतलं. मग खाऊन खाऊन वजन वाढवलं आणि भरती झाला. क्रमवारीतल्या पहिल्याच स्पर्धेत, सगळ्यात तळाच्या गटात, तो तीन जिंकला आणि चार हरला. वीस वर्षांनी, 2021 मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 45 अजिंक्यपदं होती. इतकी सुमोच्या इतिहासात कुणाचीही नाहीत.

तर सांगायचा मुद्दा असा की काटा गेला हे बरंच झालं. माझी तक्रार त्याबद्दल नाहीच.

माझी तक्रार अशी आहे की पोरं का येत नाहीत, या प्रश्नाचं उत्तर महासंघाने दारात शोधलं. आता आकडे बघा. 1992 च्या मार्चमध्ये एकाच स्पर्धेला 160 नवी मुलं आली होती. वाकानोहाना आणि ताकानोहाना या दोन भावांनी तेव्हा जपानला वेड लावलं होतं. 1994 च्या मे महिन्यात एकूण मल्ल 943 होते. आणि 2023 मध्ये अख्ख्या वर्षात, सहाही स्पर्धा मिळून, नवी मुलं आली ती पन्नासच्या थोडीशी वर. एकूण मल्लांची संख्या सहाशेपर्यंत खाली आली. आता यातले किती जण उंची कमी म्हणून परत गेले असतील? जपानमध्ये मुलंच कमी जन्माला येताहेत, बेसबॉल आणि फुटबॉल आहेत, हे सगळं मान्य. पण भरतीसाठी अल्पवयीन मुलाच्या पालकांची संमती लागते, आणि मला वाटतं खरी गळती तिथे आहे. आई-वडील सही करताना काट्याकडे बघत नाहीत. ते बघतात की दार बंद झाल्यावर आत काय होतं.

आत काय होतं, याची उदाहरणं जपानी पालकांना पाठ आहेत. 2007 च्या जूनमध्ये एका हेयातला सतरा वर्षांचा नवा मुलगा मारहाणीत मेला. पळून जायचा प्रयत्न केला होता त्याने. आधी आजारपण म्हणून सांगितलं गेलं, घरच्यांनी हट्टाने शवविच्छेदन करायला लावलं तेव्हा खरं बाहेर आलं. वस्तादाला महासंघाने हाकललं आणि पुढे तो तुरुंगात गेला. त्याच वर्षी जुलैच्या नागोयाच्या स्पर्धेला भरतीसाठी एकही मुलगा आला नाही. शून्य. (या दोन गोष्टींचा थेट संबंध मी जोडत नाही. मारहाणीची गोष्ट सगळीकडे झाली ती नंतर. पण त्या उन्हाळ्यातलं ते शून्य काही डोळ्यांसमोरून जात नाही.)

2018 मध्ये महासंघाने हिंसाचाराला सोडचिठ्ठी देणारा जाहीरनामा काढला. आणि 2024 च्या फेब्रुवारीत काय बाहेर आलं? मियागिनो हेयात एक वरिष्ठ मल्ल धाकट्या मुलांना मारहाण करत होता. तेव्हा तिथला वस्ताद कोण होता माहितीये? हाकुहो. तोच, 62 किलोचा, कुणालाच नको असलेला पोरगा. त्याची पदावनती झाली, हेया बंद करून मुलं दुसऱ्या हेयात हलवली, आणि 2025 मध्ये त्याने महासंघच सोडला. हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून जरा वेळ बसून राहिलो. ज्याला तळाशी असणं म्हणजे काय हे सगळ्यात जास्त माहीत होतं, त्याच्या छपराखाली हे घडलं. एका माणसाच्या चांगुलपणावर ही गोष्ट सोडून चालणार नाही, एवढं तरी त्यातून कळायला हवं.

आणि आता तो नियम ऐका, जो मला या सगळ्यात जास्त खटकतो. मल्लाला हेया बदलता येत नाही. हेयाच बंद झाला तर गोष्ट वेगळी, नाहीतर पंधराव्या वर्षी ज्या दारातून आत गेलास तेच घर, कारकीर्द संपेपर्यंत. आणि वैतागून सुमो सोडलंस तर परत यायचं नाही. आपण मंडळी एका वर्षाच्या बाँडवर सही करताना केवढा गळा काढतो! मॅनेजर आवडला नाही तर नोकरीच्या साईटवर बायोडेटा अपडेट करायला आपल्याला दहा मिनिटं लागतात. या पोराला वस्ताद किंवा वरचा मल्ल वाईट निघाला तर दोनच पर्याय, सोस किंवा सोड. आणि सोडून जाणार कुठे? हातात फक्त शाळेचं प्रमाणपत्र.

यावर एक जुनं उत्तर असतं, आणि ते मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. माझा तो जपानी सहकारीच म्हणाला होता. हे सगळं मऊ केलं तर सुमो राहणार नाही. कोट नाही, पगार नाही, म्हणून तर वर जायची भूक लागते. पोटाला आधार दिला की भूक गेली. आपल्याकडेही "आमच्या वेळी हे असलं लाड नव्हते" म्हणणारे सीनियर असतातच की.

कोटाबद्दल मला त्याचं म्हणणं पटतं. खरंच. कोट कमवावा लागणं, शेवटी जेवणं, केस वाढायची वाट बघणं, सुरुवातीचे सहा महिने ऱ्योगोकुच्या प्रशिक्षण शाळेत जाऊन मेहनतीबरोबर सुमोचा इतिहास आणि सुलेखन शिकणं, यात एक गंमत आहे, एक इज्जत आहे. ते काढू नये. पण भूक लागण्यासाठी माणूस अशिक्षितच ठेवायला लागतो, हे मला पटत नाही, आणि याचा पुरावा सुमोनेच दिलाय.

ओनोसातो घ्या. विद्यापीठातून पदवी घेऊन 2023 च्या मेमध्ये आला. हौशी सुमोतल्या कामगिरीमुळे त्याला थेट वरून तिसऱ्या गटातून सुरुवात मिळाली. 2025 च्या मेनंतर तो योकोझुना झाला, म्हणजे सर्वोच्च पद. पदार्पणापासून फक्त 13 स्पर्धांत. इतक्या लवकर तिथे कुणी पोचलेलं नव्हतं. पदवीने त्याची भूक मेली असं काही दिसलं नाही बुवा. आणि त्याचा वस्ताद कोण? किसेनोसातो. तो स्वतः शाळा संपताच सुमोत आला, 2017 मध्ये योकोझुना झाला, आणि निवृत्तीनंतर वासेदा विद्यापीठात जाऊन 2021 मध्ये मास्टर्स केलं. विषय काय, तर हेया कसा चालवावा! मग इबाराकी जिल्ह्यात मोकळ्या जागेवर स्वतःचा हेया बांधला, त्यात एकाऐवजी दोन आखाडे ठेवले, म्हणजे मुलांना आपली पाळी येईपर्यंत ताटकळत उभं राहायला नको. परंपरेत वाढलेल्या माणसालाच कळलं की परंपरेत कुठे वेळ वाया जातो. मला हा माणूस जाम आवडतो.

पण ओनोसातो होणारे किती? सुमोत दर दहांतला साधारण एक सेकितोरी असतो. बाकीच्या नऊ जणांचं काय, हा खरा प्रश्न.

त्या नऊ जणांतली दोन नावं सांगतो. एक हानाकाझे. 1986 च्या मार्चमध्ये पंधराव्या वर्षी भरती झाला आणि 2022 च्या जानेवारीत निवृत्त झाला, वयाच्या 51 व्या वर्षी. इतकी वर्षं लढला, पण पगाराच्या गटात एकदाही पोचला नाही. दुसरा शोनानझाकुरा. 2015 मध्ये आला, 2021 मध्ये गेला. 3 विजय, 238 पराभव. त्यात सलग 104 पराभवांचा विक्रम. इंटरनेटवर लोक त्याच्यावर हसतात. मीही आधी हसलो, खोटं कशाला बोलू. मग विचार केला, सहा वर्षं, दर दोन महिन्यांनी सात वेळा, हरणार हे माहीत असताना हा मुलगा त्या मातीच्या वर्तुळात चढला. मी एक इंटरव्ह्यू फेल झालो तर आठवडाभर कुणाशी बोलत नाही.

या दोघांची कीव करा असं मी म्हणत नाही. तो त्यांचा निर्णय होता, आणि आनंदाने घेतला असेलही. पण पंधराव्या वर्षी घेतलेला निर्णय विसाव्या किंवा पंचविसाव्या वर्षी बदलता यायला हवा. सुमो सोडणारे बरेच जण चांको विकणारी हॉटेलं, बांधकाम, वृद्धांची सेवा अशा कामांत जातात. चांगली कामं आहेत. पण दुसरं काही करावंसं वाटलं तर दार उघडं असावं की नाही?

म्हणून माझ्या छोट्याशा बुद्धीप्रमाणे तीन गोष्टी. एक, शाळेतून थेट येणाऱ्या प्रत्येक मुलाचं पुढचं शिक्षण पत्रद्वारा पूर्ण करून द्यायची जबाबदारी महासंघाची. काही हेया आजही हे करतात, पण ते वस्तादाच्या मर्जीवर आहे. दोन, कारकिर्दीत निदान एकदा हेया बदलायचा हक्क, कारण न विचारता. नुसता हा हक्क असला तरी कितीतरी वस्ताद आणि वरिष्ठ आपोआप नीट वागायला लागतील. तीन, पहिली दोन वर्षं प्रत्येक नव्या मुलाशी दर महिन्याला हेयाबाहेरच्या माणसाने एकट्याने बोलायचं. तक्रारपेटी नको. सोळा वर्षांचं पोर वरिष्ठांच्या नाकासमोर पेटीत चिठ्ठी टाकायला जात नाही.

यात कुठेही आखाड्यातली मेहनत कमी होत नाही. पहाट तीच, माती तीच, आणि कोट तर नाहीच नाही!

तुम्ही म्हणाल, पुण्यात बसून जपानच्या सुमो महासंघाला सल्ले देणारा हा कोण टिकोजीराव. बरोबर आहे. महासंघ काही हा लेख वाचणार नाही. पण आपल्यातले बरेच जण आता टीम लीड झालेत, फ्रेशर्स हाताखाली आलेत. भरतीची अट सैल करणं ही सगळ्यात सोपी गोष्ट असते, हे आपल्याला पक्कं माहितीये. आत आलेल्या पोराचं काय करायचं, याची मीटिंग मात्र कायम पुढच्या आठवड्यात ढकलली जाते.

असो. त्या दिवशी तो पोरगा दोन स्टेशनांनंतर उतरला. दार उघडल्यावर गार वाऱ्याचा झोत आत आला, त्याने युकात्याचे पदर जरा घट्ट ओढले, पिशवी सांभाळली आणि खडावा वाजवत जिना उतरून गेला. नाव विचारायला हवं होतं, असं आता वाटतं. क्रमवारीच्या यादीत तळापासून वर शोधलं असतं दर दोन महिन्यांनी. आतापर्यंत कोट मिळाला असेल का त्याला? की घरी परत गेला असेल? गेला असेल तर कुठल्या वर्गात बसवून घेतला असेल त्याला, कोण जाणे.